वहिनींचा निवाडा तुमच्याकडे मागितलेलाच नाही

पत्र:

मी ५२ वर्षांची आहे. माहेर नगरचं. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. लग्न होऊन पिंपरी-चिंचवडला आले तेव्हापासून समोरच्या दारात वहिनी राहतात. त्या माळकरी. माझा मुलगा पोटात होता तेव्हा डोहाळे त्यांनीच पुरवले, आणि माझी सेकंड शिफ्ट असली की तो त्यांच्याकडेच जेवून झोपायचा. आता वहिनींना कॅन्सर झालाय, तो लिव्हरपर्यंत गेलाय आणि डॉक्टरांनी घरच्यांना 'काही महिने' असं सांगितलंय.

मी रविवारी चर्चला जाते. दोन वर्षांपासून बुधवारच्या एका फेलोशिपलाही जाते. माझे मिस्टर गेले तेव्हा या लोकांनीच मला सावरलं. तिथे मी वहिनींसाठी प्रार्थनेची विनंती केली, तर गटप्रमुख म्हणाले, 'ताई, बरं होण्यासाठी प्रार्थना करूच. पण त्या प्रभूला न स्वीकारता गेल्या तर? तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांचं रक्त तुमच्या माथी.' बायबलमधला यहेज्केल संदेष्ट्याचा ३३ वा अध्याय काढून वाचला. पुढच्या आठवड्यात चार-पाच जण हॉस्पिटलला येऊन वहिनींकडून तारणाची प्रार्थना म्हणवून घेऊ म्हणतात.

हे मुलाला कळलं. तो म्हणाला, 'ज्या देवाकडे काकूला जागा नाही तो देव मला नको. सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात.' ख्रिस्तावरचा विश्वास मी सोडू शकत नाही. पण वहिनी नरकात, हे माझ्या तोंडून निघत नाही. त्यात परवा त्या म्हणाल्या, 'डोळ्यांना नीट दिसत नाही गं, जरा हरिपाठ वाचून दाखवशील?' मी काहीतरी कारण सांगून निघाले. त्यानंतर गेलेच नाही. काय करू?

— एक बहीण, पिंपरी-चिंचवड

ताई,

आधी हॉस्पिटलला जाऊन या. हे उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. तुम्ही का येईनाशा झालात हे वहिनींना कळत नसणार, आणि अशा आजारात माणूस दोष स्वतःकडेच घेतो: माझी अवस्था बघवत नसेल हिला.

आता तुमचा प्रश्न. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, ख्रिस्तामुळेच होतं असं मानते. सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण या विषयावर दोन उत्तरं तुम्हाला कोपऱ्याकोपऱ्यावर फुकट मिळतील. एक, 'अहो, देव सगळे एकच, कशाला डोकं शिणवता?' आणि दुसरं तुमच्या गटप्रमुखांचं. पहिल्यानं तुमचं भागलं असतं तर पत्र लिहिलंच नसतंत. दुसऱ्यानं भागलं असतं तर एव्हाना गट घेऊन वॉर्डात पोचला असतात.

'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे. माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.' योहान १४:६, आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. हे वाक्य बोथट करण्याच्या खटपटी पुष्कळ झाल्या आहेत. येशूनं ते शेवटच्या रात्री, धास्तावलेल्या शिष्यांना धीर देताना म्हटलं, तेही थोमानं 'मार्ग कसा ठाऊक असणार?' असं विचारल्यावर. तेव्हा ते घरातल्या माणसांशी केलेलं बोलणं होतं, बाहेरच्यांवर सोडलेला बाण नव्हता, असं सांगतात. संदर्भ अगदी बरोबर आहे. पण एवढ्यानं सुटका होत नाही. येशूचा शिष्य पेत्र पुढे यरुशलेमात अधिकाऱ्यांच्या समोर उभा राहून तेच म्हणतो, की तारण दुसऱ्या कोणाकडून नाही. म्हणजे हा दावा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जन्मापासूनचा आहे, आणि तो काढून टाकला तर जे उरेल त्याला सद्विचार म्हणता येईल, ख्रिस्ती विश्वास म्हणता येणार नाही.

मात्र ही दोन्ही वचनं पुन्हा एकदा सावकाश वाचा. तारणारा कोण, याविषयी ती बोलतात. तारलं कोण जाणार, याची यादी त्यांत नाही. 'ख्रिस्तावाचून कोणी नाही' इथून निघून 'ठराविक शब्दांची प्रार्थना श्वास थांबण्याआधी ज्यानं म्हटली नाही त्याला ख्रिस्त तारणार नाही' इथं पोचायचं तर मध्ये एक उडी मारावी लागते. ती उडी कुणी मारली तर मारो, पण ती वचनानं मारायला लावली असं म्हणू नये. तुमच्या पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक नळांना पवना धरणाचं पाणी येतं. पवनेवाचून ते नळ कोरडे. पण तांब्या भरून घेणाऱ्या प्रत्येकाला धरणाचं नाव ठाऊक असतंच असं नाही. ही उपमा फार ताणणार नाही, कारण ओळख व्हावी म्हणूनच तर ख्रिस्त आला, नाव न सांगता पाणी सोडायला नव्हे. तेवढ्यासाठी साक्ष द्यायची असते. साक्ष देणं आणि निकाल देणं ही कोर्टातसुद्धा दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत.

गटात पौल प्रेषिताच्या रोमकरांस पत्राचा १० वा अध्याय निघेल. तोंडानं कबूल करशील आणि अंतःकरणात विश्वास ठेवशील तर तुझं तारण होईल. आणि कुणी सांगितल्याशिवाय लोक ऐकणार कसे? हे आश्वासन आहे आणि मी त्यावर पूर्ण भिस्त ठेवून जगते. पण 'जो कबूल करील तो तारला जाईल' या आश्वासनाला उलटं करून बाकीच्यांचा हिशेब मांडायला बसणं, हे पौलानं त्या अध्यायात केलेलं नाही. उलट त्याआधीच्याच अध्यायात आपल्या यहुदी भाऊबंदांसाठी तो इतका कळवळतो, की त्यांच्याकरिता मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल असं म्हणून जातो. बुधवारी हे वचन वाचतात का? मी तरी असल्या गटांमध्ये ते फारसं ऐकलेलं नाही.

आणि येशूला तर हा प्रश्न थेट विचारला गेला होता. लूकच्या १३ व्या अध्यायात एकजण विचारतो, 'प्रभुजी, तारणप्राप्ती होत असलेले लोक थोडकेच आहेत काय?' थोडे की फार, एवढंच तर सांगायचं होतं. येशूनं सांगितलं नाही. 'अरुंद दरवाजाने आत जाण्याचा नेटाने यत्न करा,' असं म्हणून प्रश्न विचारणाऱ्याकडेच परतवला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून 'ह्याचं काय?' विचारतो, तेव्हाही तेच: तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी उजवीकडचेही चकित होतात आणि डावीकडचेही. दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. एवढं सगळं समोर असताना बुधवारच्या बैठकीत चहा-बिस्किटांबरोबर एका बाईचा अंतिम निवाडा होतो, याची मला भीती वाटते. वहिनींपेक्षा निवाडा करणाऱ्यांसाठी जास्त.

तुम्हाला वाटेल, ही हल्लीची मवाळ माणसं असंच बोलणार, जुने लोक ठाम होते. जुने लोक ठाम होते हे खरं, पण गोष्ट दिसते तेवढी सरळ नाही. 'मंडळीबाहेर तारण नाही' हे गाजलेलं सूत्र तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियन बिशपांनी वापरलं, तेव्हा त्यांचं भांडण दुसऱ्या धर्मांशी नव्हतं. मंडळीतून फुटून वेगळी चूल मांडणाऱ्यांशी होतं. पुढे ते सूत्र कडक होत गेलं आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर, सगळेच सार्वकालिक अग्नीत जातील असं लिहून टाकलं. (त्या हिशेबानं नगरच्या प्रॉटेस्टंट आजोबांचंही काही खरं नव्हतं, हे तुमच्या गटप्रमुखांना जरूर सांगा.) मग पन्नास वर्षांत कोलंबस पलीकडच्या किनाऱ्याला लागला आणि युरोपातल्या धर्मपंडितांना प्रश्न पडला, की ज्यांच्यापर्यंत पंधराशे वर्षांत एकही प्रेषित पोचला नाही अशा लाखो माणसांना देवानं नुसतं नरकासाठी घडवलं? तेव्हापासून तो प्रश्न त्यांनी सोडलेला नाही.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते बॉस्टनचं प्रकरण. लिओनार्ड फीनी नावाचे जेझुइट संघाचे कॅथलिक धर्मगुरू १९४० च्या दशकात तिथं ठासून सांगत, की कॅथलिक नसलेला एकही माणूस तरणार नाही. रोमनं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या केंद्रानं, १९४९ मध्ये बॉस्टनच्या आर्चबिशपना पत्र पाठवून कळवलं, की मंडळीची शिकवण अशी समजायची नसते. अज्ञानामुळे बाहेर राहिलेल्या, पण देवाची इच्छा पाळू पाहणाऱ्या माणसाची अंतरीची ओढही धरली जाते. फीनी हटले नाहीत, बोलावल्यावर रोमला गेले नाहीत आणि १९५३ मध्ये आज्ञाभंगाबद्दल बहिष्कृत झाले. 'बाहेर कोणी तरत नाही' म्हणणारा माणूसच बाहेर! पुढे १९७२ मध्ये त्यांना परत घेतलं. दरम्यान दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये स्पष्ट लिहिलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनानं देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकानुसार वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुढच्या वर्षी हिंदू धर्माचं नाव घेऊन, त्यात जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काही आम्ही नाकारत नाही, असंही म्हटलं. आणि त्याच रोमनं २००० मध्ये पुन्हा निक्षून सांगितलं, की तारणारा एकच, ख्रिस्त. काहींना यात कोलांटउडी दिसते. मला दिसत नाही. तारणारा एकच, आणि त्याचा हात किती लांब पोचतो हे आपण ठरवायचं नाही, ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतात.

तुम्ही कॅथलिक नाही. गटप्रमुख म्हणतील, रोमचं आम्हाला काय? मग त्यांच्याच घरातलं घ्या. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं जगभरचे इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ता सांगण्यावर भर देणारे प्रॉटेस्टंट, जमले. तिथला करारनामा ख्रिस्ताच्या एकमेवपणाबद्दल तसूभरही मागे हटत नाही, सगळे धर्म सारखेच ही भूमिका तो साफ फेटाळतो. त्याच्या मसुद्यामागचे मुख्य लेखक जॉन स्टॉट. ज्यांनी कधी सुवार्ता ऐकलीच नाही त्यांचं देव काय करील, यावर आपल्याला ते ठाऊक नाही असंच म्हणणं ख्रिस्ती माणसाला शोभतं, अशी भूमिका याच स्टॉट यांनी १९८८ मध्ये जाहीरपणे मांडली. त्यांना कुणी कच्चा विश्वासू म्हणून बघावं!

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो लपवणार नाही. वहिनी काही ॲमेझॉनच्या जंगलात राहत नाहीत, ख्रिस्ती शेजारणीच्या दारासमोर राहतात. त्यांनी ऐकलेलं नाही असं कसं म्हणायचं? पण त्यांनी नेमकं काय ऐकलंय याचा विचार करा. नाताळला केक आला, वर्षाला एकदा चांदणी लागली, शेजारीण रविवारी पांढरी साडी नेसून बाहेर पडली, आणि टीव्हीवर कुठंतरी 'धर्मांतर' हा शब्द आरडाओरड्यात ऐकू आला. याला सुवार्ता ऐकून नाकारणं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. काही ख्रिस्ती म्हणतील. ते वाईट लोक नाहीत, काळजीपोटीच बोलतात. तुमचे गटप्रमुखही त्यातलेच असावेत, नाहीतर तुमच्या दुःखाच्या दिवसांत ते उभे राहिले नसते. त्यांचं तुमच्यावरचं ऋण खरं आहे. पण ते वहिनींच्या खाटेजवळ फेडायचं नसतं.

यहेज्केलाचा ३३ वा अध्याय पूर्ण वाचा, निवडक ओळी नकोत. देशावर तलवार येतेय हे दिसूनही पहारेकऱ्यानं कर्णा वाजवला नाही तर रक्ताचा जाब त्याला, असं तिथं संदेष्ट्याला सांगितलंय. आणि ज्यांना इशारा द्यायचा ते देवाचा करार ठाऊक असलेले इस्राएल लोक आहेत. त्यांनी काय करायचं? गहाण ठेवून घेतलेलं परत द्यायचं, लुबाडलेलं परत करायचं, अन्याय सोडायचा. वहिनींनी कुणाला लुबाडलंय? त्याच अध्यायात देव शपथ घेऊन सांगतो, की दुर्जन मरावा यात मला संतोष नाही. आणि शेवटी तो अशा लोकांविषयी बोलतो, जे संदेष्ट्याकडे गोड गाणं ऐकायला यावं तसे येतात, ऐकतात आणि करत मात्र काहीच नाहीत. म्हणजे हा अध्याय बैठकीतल्यांना उद्देशून जास्त आहे. पौलही इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना 'सर्वांच्या रक्ताविषयी मी निर्दोष आहे' म्हणतो, ते वचन तुम्हाला दाखवतील. पण तो तिथं तीन वर्षं राहून, अश्रू ढाळत, घरोघर शिकवून मग हे बोलला. पुढच्या आठवड्यात दुपारी चार ते सहाच्या भेटीच्या वेळेत त्यानं ते उरकलं नव्हतं.

गटाला नाही म्हणायचं. इथं मी 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणणार नाही. पोटात पाणी झालेल्या, वेदनाशामकांच्या गुंगीत असलेल्या बाईच्या खाटेभोवती पाच अनोळखी माणसं उभी राहून तिच्या तोंडून वाक्यं वदवून घेतात, त्याला स्वीकार म्हणत नाहीत. ती बिचारी भिडेखातर म्हणेलही, तुमच्यासाठी म्हणेल. आणि मग? हे फक्त माझं मत नाही. व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं खातं, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स, म्हणजे एरवी एका टेबलावर सहसा न बसणारे तिघं, यांनी २०११ मध्ये मिळून ख्रिस्ती साक्षीबद्दल एक आचारसंहिता काढली. साक्ष देणं प्रत्येक ख्रिस्ती माणसासाठी अत्यावश्यक आहे असं ती म्हणते, आणि त्याच दमात सांगते, की आजारी माणसाच्या असहायतेचा, बरं होण्याच्या त्याच्या गरजेचा फायदा घेऊ नका. गटप्रमुखांना हे दाखवा. त्यांच्या बाजूची सहीसुद्धा त्यावर आहे.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे, ते दुसऱ्याच क्रमांकावर ठेवते. आजच्या दिवसांत असा गट हॉस्पिटलात गेला, कुणी मोबाईलवर शूटिंग केलं, तर वहिनींचे शेवटचे महिने पोलीस चौकीच्या कागदांत जातील. त्यांच्या घरच्यांच्या डोळ्यांत तुम्ही कायमच्या उतराल.

मग येशूचं नावच काढायचं नाही का? काढा की. लपवूही नका. वहिनींना इतकी वर्षं ठाऊक आहे तुम्ही कोण ते. त्यांना विचारा, 'वहिनी, मी माझ्या पद्धतीनं तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' हो म्हणाल्या तर हात हातात घेऊन मोठ्यानं, येशूच्या नावानं, पण चार वाक्यांची करा. त्यात त्यांना उपदेश घुसवू नका. देवाशी बोलतोय असं दाखवून शेजारच्या माणसाला टोमणे मारायची आपल्याकडच्या काही प्रार्थनांना सवय असते. नको म्हणाल्या तर घरी करा. त्यांनीच कधी विचारलं, 'तुला मरणाची भीती वाटत नाही का गं?' तर तुमचे मिस्टर गेले तेव्हा तुम्हाला कशानं उभं ठेवलं ते सांगा. त्यांचं काय होणार हे सांगायला जाऊ नका, तुमचं काय झालं ते सांगा, आणि थांबा. पेत्रानं लिहिलंय, तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या. जो विचारील त्याला. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या चोराची गोष्ट शेवटच्या क्षणाच्या तारणासाठी नेहमी सांगतात. तो स्वतःहून वळला होता. दुसऱ्या बाजूच्या चोराला येशूनं त्या तासांत एक शब्दही सुनावल्याचं लिहिलेलं नाही.

आणि समजा वहिनी स्वतःच म्हणाल्या, की मला तुझ्या येशूकडे यायचंय, तर आनंद माना, पण घाई करू नका. शुद्धीत असताना, दोन-तीनदा, भाऊजी आणि मुलांसमोर त्या तसं म्हणत असतील तरच तुमच्या रविवारच्या चर्चच्या पाळकांना सांगा. घरच्यांपासून चोरून काहीही नको.

हरिपाठाचं. वाचून दाखवा. मित्राच्या आजारपणात त्याची पोथी वाचून दाखवणं म्हणजे तुम्ही त्या दैवताला नमन केलं असं होत नाही. तुमच्या मंडळीतले काही जण वेगळं म्हणतील आणि पौलाच्या करिंथकरांस पत्रातली मूर्तीच्या नैवेद्याची चर्चा काढतील. ती चर्चा मूर्तिपूजेपासून दूर राहा असं सांगते, आणि कुणाच्या विवेकाला टोचणी लावू नका यावरही भर देते. तेव्हा वाचताना तुमचं मन खरोखर दुभंगत असेल तर वहिनींना तसं मोकळेपणानं सांगा आणि त्यांच्या सुनेला वाचायला बसवून तुम्ही पाय चेपत बसा. पण कारण सांगून पळू नका. आणि तुम्ही तर नगरच्या. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक तुमच्याच गावचे म्हणायचे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, ख्रिस्ती अभंग लिहीत, कीर्तनं करत. त्यांच्या ख्रिस्तनिष्ठेबद्दल कुणाला शंका नव्हती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं हिंदूच राहिल्या, आधी वेगळ्या, मग एका छपराखाली. पुढे ख्रिस्ती झाल्या त्या स्वतः विचार करून. नवऱ्यानं रोज रात्री नरकाची भीती घातली असती तर काय झालं असतं, याची कल्पना त्यांचा स्वभाव ठाऊक असलेल्यांना करता येईल.

मुलाबद्दल. तो चिडलाय ते काकूवरच्या मायेपोटी, आणि ही चीड पवित्र शास्त्रात परकी नाही. 'सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?' असं अब्राहाम देवाच्या तोंडावर विचारतो, तेही सदोम गावासाठी. तेव्हा 'असं बोलू नये' म्हणून त्याला गप्प करू नका. सांगा, की काकूला नरकात टाकणाऱ्या देवाची कल्पना मलाही झेपत नाही. मी ज्या ख्रिस्ताला ओळखते त्याच्या हातात तिला सोपवते, आणि तो तिच्यावर माझ्यापेक्षा कमी माया करील असं मला वाटत नाही. याहून जास्त ठाऊक असल्याचा आव आणू नका. तो तुमच्यातला खोटेपणा लगेच ओळखेल, या वयाची मुलं ओळखतात.

पण त्याच्या 'सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात' या वाक्यालाही सोडू नका. त्यात औदार्य आहे, आणि थोडी आळशी घाईही. तुमच्या गटानं वहिनींना न विचारता नरकात बसवलं, यानं न विचारता आपल्या सोयीच्या शिखरावर बसवलं. वहिनींना जायचंय कुठं, हे कुणी विचारलं? वारकऱ्याला मोक्षाची ओढ असतेच असं नाही. तुकोबांनी देवाकडे मुक्ती मागितली नाही. तुझा विसर पडू नये, संतांचा संग मिळावा, मग खुशाल पुन्हा जन्माला घाल, असं मागितलं. ख्रिस्ती माणूस ज्याला तारण म्हणतो, पाप-क्षमा आणि पुनरुत्थान आणि देवासमोरचं सार्वकालिक जीवन, ते आणि हे एकच आहे असं म्हणणं दोन्ही बाजूंवर अन्याय आहे. मुलाला म्हणावं, काकूकडे बस आणि तिलाच विचार, तुला पांडुरंगाकडून काय हवंय. त्याला वाटतंय त्याहून ठाम उत्तर मिळेल.

गटप्रमुखांना फोन आजच करा, मेसेज नको. एवढंच म्हणा: 'दादा, वहिनींकडे मी एकटीच जाणार आहे. तुम्ही इथून प्रार्थना करा. मला त्यांच्या नरकाबद्दल पुन्हा बोलू नका.' त्यांनी ऐकलं नाही आणि तरी हॉस्पिटल गाठलं तर भाऊजींना आधीच सांगून ठेवा, की माझ्या ओळखीच्या नावानं कुणी आलं तर आत सोडू नका. काही बुधवार फेलोशिपला गेला नाहीत तरी चालेल. रविवारच्या पाळकांना मात्र भेटा. वहिनींच्या मागे तुमचं स्वतःचं दुःख आहे, नवऱ्याचं अजून ताजं आहे, आणि हे सगळं एकटीनं ओढण्यासारखं नाही.

वहिनी गेल्यावर अंत्ययात्रेला जा, दहाव्याला जा, तेराव्याला पंगतीत बसा. बैठकीत कुणी तेव्हा 'आता त्या कुठं असतील?' असं विचारलंच, तर 'ज्यानं त्यांना घडवलं त्याच्यापुढं' एवढं सांगून पुढचं स्तोत्र सुरू करा.